हिरव्या गवताची गाठ

लिंबागणेशच्या रस्त्यावर बौद्धिक दिव्यांग प्रौढांची कार्यशाळा आहे; तिथं मी शिकवते. पस्तिशीच्या शहादेवला चार महिने तुराट्यांचे खराटे बांधायला शिकवत होते. त्याच्या हातावर हात ठेवायचा, सुतळीचे दोन वेढे द्यायचे, गाठ मारायची. माझा हात सुटला की तो सुतळी खाली टाकायचा आणि कुंपणाजवळचं हिरवं गवत उपटायला जायचा. मी त्याला परत आणून बसवायचे. सोमवारी अहवाल द्यायचा होता. त्यात ‘गाठ जमत नाही’ असं लिहिलं की त्याची जागा दुसऱ्याला जाणार होती. पण हा गवताचं करतो तरी काय, ते एकदा बघावं म्हणून त्या दिवशी मी त्याला अडवलं नाही. त्यानं गवताचा पीळ केला, तुराट्यांच्या जुडीवर गुडघा दाबला, पीळ खालून घेऊन आवळला आणि टोकं आत खोचली. मी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. एक काडी हलली नाही. “कुठं शिकलास हे?” “उसात. मायसंगं मोळ्या बांधायचो.” त्याच्या फाईलमध्ये ‘आधीचं काम’ या रकान्यात मीच रेघ ओढली होती. “मला दाखव की.” त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. त्याचा हात सुटला की माझा पीळ उलगडायचा. तीनदा उलगडला, तेव्हा त्यानं जुडी माझ्याकडून घेतली आणि मी रोज त्याला म्हणते तसंच, सावकाश म्हणाला, “राहू द्या मॅडम. लई चांगलं केलं. उद्या परत करू.”