झेंड्याचा मान

ढवण वारले आणि त्यांची बायको पक्षाच्या कचेरीत आली. "ह्यांच्या अंगावर लाल झेंडा घालायचाय."

"गद्दाराला झेंडा नाही, बाई," सेक्रेटरी म्हणाला. "भूमिगत असताना धाड पडली, सगळे पकडले गेले, ढवण तेवढे नेमके बाहेर. पक्षाच्या इतिहासात छापलंय. विचारा पाध्येंना, तेव्हाचे हे एकटेच उरलेत."

कॉम्रेड पाध्ये टेबलाकडे बघत राहिले. घरच्यांशी संबंध ठेवायला सक्त मनाई असताना त्या दिवशी त्यांनीच ढवणांना गुपचूप आपल्या घरी धाडलं होतं, तापाने फणफणलेल्या लेकीचं औषध देऊन. पक्षाच्या चौकशीत ढवणांनी त्याबद्दल तोंडातून ब्र काढला नाही. पाध्येंनी मात्र हकालपट्टीच्या ठरावाला सगळ्यात आधी हात वर केला. पुढे चाळीस वर्षांत बोलता बोलता खबऱ्या ठरवलेल्या ढवणांचा परदेशी हस्तक झाला.

"छापलंय ते बरोबर आहे," पाध्ये कसेबसे म्हणाले.

बाई दारापर्यंत गेल्या, तिथून वळल्या.

"पाध्येभाऊ, तुमच्या लेकीचा ताप उतरला होता ना तेव्हा? हे शेवटपर्यंत विचारत होते."