नातीसाठी राखलेली गोळी

मलेरियाचा ताप दोन दिवसांत उतरला, तसे मामाजी, म्हणजे माझे सासरे, खुशीत शेताकडं निघाले. त्यांची बंडी धुवायला घेतली, तर खिशात तिसऱ्या दिवसाची गोळी! मी त्यांना दारातच अडवलं. “कायले लपवली?” “नातीले ताप आला तं कामी येईन.” राग तिथंच विरघळला, पण लेकीला कडेवर घेऊन मी दारातून हलले नाही. “मामाजी, कपाशीवर निम्मंच औषध मारलं तवा काय झालं?” “दांडग्या अळ्या वाचल्या. त्यायची पिल्लं मंग पुऱ्या औषधालेबी भ्याली नाई.” “मलेरियाच्या जंतूयचंबी तसंच. गोळ्या अर्धवट सोडल्या तं दांडगे वाचते, तोच गुण पिल्लायत उतरते. डास चावून ते हिच्या अंगात आले, तं कोणती गोळी देऊ?” मामाजींनी माझ्या कडेवरच्या नातीकडं पाहिलं, तांब्या उचलला, गोळी गिळली आणि पोटावर थाप मारली. “घे माय, आता एकबी जंतू बियाण्याले ठेवत नाई!”