आडवा लार्च

करवतीचं पातं झाडात अडकलं तेव्हा डेल्मरने पहिली शिवी करवतीला दिली, दुसरी झाडाला. तिसरी कुणाला द्यावी म्हणून मान वर केली, तर रस्त्यावर आडव्या पडलेल्या लार्चच्या झाडापलीकडे थर्लो उभा होता.

तीन वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. त्याआधीची तीस वर्षं आयडाहोच्या याच डोंगरांत त्यांनी एका करवतीची दोन टोकं धरून झाडं कापली होती. मग एका उन्हाळ्यात, जत्रेतल्या ओंडके कापायच्या शर्यतीत, ते शेवटच्या फेरीत हरले. "तू ढकललीस," असं डेल्मर साऱ्या गावासमोर म्हणाला. दोघांच्या करवतीत प्रत्येकाने फक्त ओढायचं असतं. ढकललं की पातं लवतं आणि लय जाते. लाकूडतोड्याला 'ढकलतोस' म्हणणं म्हणजे आचाऱ्याला 'शिळं वाढलंस' म्हणण्यासारखं. थर्लोने करवत उचलली आणि तो घरी निघून गेला. त्यानंतर तो गावात यायचा, पण डेल्मर दिसला की रस्त्याची बाजू बदलायचा.

इथे बदलायला बाजू नव्हती. एकीकडे कडा, दुसरीकडे दरी.

"वरून कापलंस?" थर्लोने विचारलं.

"मग काय, बोगदा खणून खालून कापू?"

"दोन्ही टोकं टेकलीत, मध्ये भार आहे. वरून कापलं की चीर मिटणारच. पाचर मारायची ना."

"मला ठाऊक आहे."

"करवतीला ठाऊक नसेल मग."

डेल्मरची गाडी नवी कोरी होती. चाकं छातीएवढी उंच, टपावर दिव्यांची रांग, नाकावर लोखंडी दोर गुंडाळणारं विंच. कुणी विचारलं नव्हतं तरी तो म्हणाला, "नवा ट्रक आहे. जरा चिखलात घालून बघतोय." त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर लाकडाचा भुसा बसला होता.

अडकलेली पेट्रोलची करवत त्याने विंचला बांधली आणि बटण दाबलं. थर्लो चार पावलं मागे सरकला. दोर ताणला गेला. कडकन आवाज झाला. मूठ आणि इंजिन गाडीकडे आलं, पातं झाडातच राहिलं.

"छान," थर्लो म्हणाला. "आता निदान उचलायला हलकी झाली."

डेल्मरने मूठ हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग ती अलगद ट्रकमध्ये ठेवली, जखमी कोंबडी ठेवावी तशी.

थर्लोच्या जुनाट गाडीत फार काही नव्हतं. कुऱ्हाड, हातोडा, चार पाचरी, पहार आणि ती लांब करवत. एका टोकाची मूठ त्याने काढून ठेवली होती. ती शोधायला त्याला बराच वेळ लागला.

"एकट्याने चालवतोस?" डेल्मरने विचारलं.

"तीन वर्षं."

"जड जात असेल."

"ढकलणारं कुणी नसतं. हलकी जाते."

डेल्मरने मूठ बसवली.

पहिल्या वीस वेळचं ओढणं भयानक गेलं. करवत किंचाळत होती. डेल्मरला धाप लागली, थर्लोचं कोपर दुखायला लागलं, पण थांबू या असं म्हणणार कोण? मग कधीतरी करवतीने सूर धरला. तू ओढ, मी सोडतो. मी ओढतो, तू सोड. भुशाच्या लांब लांब पट्ट्या दोघांच्या बुटांवर पडू लागल्या. थर्लोने चिरेत पाचरी ठोकल्या. चीर मिटली नाही.

"ढकलतोयस," थर्लो मध्येच म्हणाला.

"नाही."

करवत आणखी पाच-सहा वेळा इकडून तिकडे गेली.

"थोडी," डेल्मर म्हणाला.

दोन काप पुरे व्हायला दीड तास लागला. मधला ओंडका धप्पकन रस्त्यावर बसला. थर्लोने पहार लावली, डेल्मरने विंचचा दोर. ओंडका गडगडत दरीत गेला आणि खाली बराच वेळ काहीतरी मोडत राहिला. दोघं कडेला उभे राहून तो आवाज संपेपर्यंत ऐकत होते.

"बरं," थर्लो म्हणाला.

"बरं," डेल्मर म्हणाला.

गाड्या एकमेकींना घासत कशाबशा पार झाल्या आणि डेल्मर वर गेला. थर्लो खाली निघाला. घरातली कॉफी संपली होती, ती आणायची होती. पाव मैल गेल्यावर त्याने गाडीचा वेग कमी केला. आणखी थोडं गेल्यावर थांबवली.

वर काय आहे? झऱ्यापाशी एक वळण. मग चढ. मग रस्ता संपतो तो आपल्याच अंगणात. वर दुसरं घर नाही, दुसरा रस्ता नाही, बघण्यासारखं काहीही नाही.

गाडी वळवायला जागा नव्हती. थर्लोने मान मागे वळवली आणि गाडी मैलभर उलटी चालवत नेली.

डेल्मर थर्लोच्या घराच्या पायऱ्यांवर, बंद दाराकडे तोंड करून उभा होता. टोपी हातात होती. आत कुणी नाही हे पक्कं ठाऊक असूनही तो दार वाजवत होता.

"अरे, मी इथे मागे आहे," थर्लो म्हणाला. "काय ते बोल."

डेल्मरने मागे वळूनही पाहिलं नाही.

"तू आधी आत जा आणि दार उघड," तो म्हणाला. "बोलायचं सगळं मी पाठ करून आलोय, आणि ते दार उघडल्यापासून सुरू होतं."