फॅट येईना, पान ४१

दूध डेअऱ्यांना आम्ही सॉफ्टवेअर देतो. त्याचं दोनशे पानांचं पुस्तक कुणीच उघडायचं नाही, सगळे मलाच फोन करायचे. साहेब म्हणाले, "मयूर, पुस्तकाच्या मागं नीट इंडेक्स टाक." मी लोक फोनवर बोलतात तेच शब्द घेतले. 'फॅट येईना', पान ४१. 'पावती कोरी निघती', पान १२. इंडेक्स इतका जमला की फोन बंदच झाले. सुप्यातल्या माझ्या खोलीत आठ दिवस कुणाचा आवाज नाही. शेवटी मीच जामखेडकडच्या डेअरीतल्या मंदामावशींना फोन लावला. आधी त्या रोज सकाळी फोन करायच्या, काम झालं की काही खाल्लंस का विचारायच्या.

"मावशी, काही अडचण?"

"न्हाई रं लेकरा, तुझ्या पुस्तकात समदं घावतं. आता आमचा तुला तरास न्हाई बघ. ठेवते, दुधाची गाडी आली."

त्याच दिवशी मी इंडेक्समध्ये 'क' खाली एक ओळ वाढवली: 'काहीच बिघडलं नाही'. पुढं पानाच्या आकड्याऐवजी माझा मोबाईल नंबर टाकला.