रेडिओ-पट्ट्याची टिकटिक

पीएचडीसाठी ज्या बिबट मादीमागे तिने रान पालथं घातलं होतं, तीच आता पेंढा भरून विभागातल्या काचेच्या कपाटात उभी होती. गळ्यातला रेडिओ-पट्टा अजून चालू होता.

लेकीचं काम बघायला आलेल्या बाबांना तिने रिसीव्हर ऐकवला. "जनावर हलतं तेव्हा टिकटिक सावकाश होते. बराच वेळ हललं नाही, की अशी भरभर. म्हणजे मेलं."

"मेल्यावर कसली घाई?" बाबा हसले.

तिलाही हसू आलं. कपाटाकडे पाठ करून ती आवाज वाढवू लागली, तोच टिकटिक सावकाश झाली.

"बाबा, कपाटाला हात लावू नका ना!"

तिने मान वर केली. बाबा समोरच होते, हात खिशात घातलेले. ते तिच्या खांद्यावरून मागे बघत होते.

"बाळा," ते पुटपुटले, "हलू नकोस."