साहेबाची करंगळी

"आबाजी, तुमचा बाप खरंच गोरा होता का?"

गुंजननं एका दमात विचारून टाकलं. शाळेत सुरभीनं डिवचलं होतं, "हिंमत असंन तं विचारून दाखव." आणि वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून गुंजनची हिंमत नुसती उतू चालली होती.

पुनाजी खाटेवर बसून पळसाच्या पत्रावळी लावत होते. त्यांचा हात थांबला नाही.

"कोन विचारते? तू का तुही सुरभी?"

"दोघीबी!"

गोंडाच्या घरात टर्नर हे आडनाव आख्ख्या तालुक्यात एकच. कहाणी गावाला पाठ होती. जंगलखात्याचा टर्नर साहेब, त्याच्या बंगल्यावर पाणी भरणारी रामबाई. साहेब विलायतेला निघून गेला आणि मागं राहिले पुनाजी. गुंजननं मोबाइलवर शोधलं, तर टर्नर म्हणजे लाकूड कातणारा निघाला, आपल्याकडचा कातारी. "म्हंजे आपुन साहेब नाई, कातारी!" तिनं वर्गात जाहीर केलं, तेव्हा पोरं बाकं वाजवून हसली.

पोरांना त्याहून तिची वाकडी करंगळी आवडायची. आबाजींची, बाबांची आणि तिची, तिघांची सारखीच. सुरभी म्हणायची, "कपानं चहा प्याले साहेबानं देल्ली!"

हसू ओसरलं की नाव मात्र गळ्यात उरायचं, दाव्यासारखं.

उद्या ते सुटणार होतं. समाजाचे पंच घरी येणार होते. रामबाईचं कूळ कासवाचं. त्या कुळात या घराला घ्यायला आणि कुळाचं आडनाव द्यायला पंच तयार झाले होते. सुरभीला त्यातही चिडवायला सापडलं. "मंग तो तुह्या आवडीचा अंकुश? तोबी कासवाचाच. उद्यापासून भाऊ तुहा, राखी आणून ठेवजो!" एका कासवाचे म्हणजे भाऊबहीण, रक्ताचं नातं नसलं तरी. त्यांनी घर मांडलं, तर त्या घराशी पुढं कोणी सोयरीक करत नाही.

पंचांची अट एकच होती. पुनाजींनी देवाच्या ठाण्यावर हात ठेवून बापाचं नाव सांगायचं.

"टर्नर म्हना अन् मोकळे व्हा ना," गुंजनचे बाबा, नागेश, रोज विनवत. पुनाजी रोज मान हलवत. गाव म्हणे, म्हाताऱ्याला साहेबाचा तोरा सोडवत नाही.

गुंजन त्यांच्या खाटेवर चढून बसली. "आबाजी, मले वीट आला हो. कुठंबी गेली का 'ओ मेमसाब!' उद्या ठेवा ना हात. माह्यासाठी."

"देवावर हात ठेवून खोटं बोलू का?"

"खोटं कायचं त्यात?"

पुनाजींनी पहिल्यांदाच पत्रावळ खाली ठेवली. समोर भिंतीवर गिरडच्या यात्रेत काढलेला फोटो होता, रामबाई आणि मामाजींचा. मामाजी रामबाईचे कुळातले भाऊ. साहेब गेल्यावर ते या घरी राहायला आले आणि पुनाजींना त्यांनीच खांद्यावर वाढवलं. असा भाऊ पाहिला नाही, असं गाव अजून म्हणतं. त्या फोटोवर कापडी फुलांचा जाड हार असायचा. पुनाजी फोटो कुणाला पुसूही देत नसत.

"काढ तो हार," ते म्हणाले.

गुंजननं हार काढला. मामाजींच्या हातात काठी होती. ती कधी दिसलीच नव्हती. गुंजन फोटोजवळ गेली आणि काठीवरचा हात वाकून पाहू लागली.

"जलमभर साहेबाचा म्हनून हसले लोक मले," पाठीमागून आवाज आला. "हसले. पन तुह्या बापाले पोरगी देल्ली त्याईनं."

अंगणातून आईनं हाक मारली, "गुंजन! पंचाईच्या जेवणाले पत्रावळी पुरतीन का, विचार आबाजीले!"

गुंजननं हार परत चढवला. काठीवरची मामाजींची वाकडी करंगळी त्याखाली नीट झाकली गेली का, ते पाहिलं, आणि मग ती अंगणात आई-बाबांपुढं आली.

"पत्रावळी राहू दे, आई. बाबा, पंचाईले फोन करा, येऊ नका म्हना. मी नाव बदलवत नाई." आणि मग वक्तृत्वाच्या आवाजात, शेजारपाजारच्या चार घरांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "आपुन साहेबाचेच!"