चोचीत खिडकी

मॅडमना मनोऱ्यावर आरसा हवा होता. चांगला पुरुषभर उंचीचा.

पाणथळीतले पक्षी बघायला बांधायच्या मनोऱ्यावर आरसा कशाला, असं आर्किटेक्टने विचारलं. लोकांना स्वतःकडे बघायला आवडतं, असं सांगून मॅडमनी चहात बिस्कीट बुडवलं. बिस्कीट तुटून कपाच्या तळाशी गेलं. अख्ख्या अभयारण्याच्या प्रमुख बाई, आणि बिस्कीट कधी वर काढायचं ते कळत नाही. यांना करकोच्यातलं काय कळणार, असं म्हणत (अर्थात मनात) त्याने आरसा टिपून घेतला.

त्याचा पहिला आराखडा बाईंच्या पाठीमागच्या कपाटात पडून होता. आयुष्यात त्याने बँका बांधल्या, दवाखाने बांधले आणि बांधून झाल्यावर त्या सगळ्यांना नावं ठेवली. हा एकच आराखडा त्याला स्वतःला आवडला होता. त्यासाठी तो सबंध हिवाळा गमबूट घालून चिखल तुडवत हिंडला होता. बुटका लाकडी मनोरा, रंग वाळक्या लव्हाळ्याचा, भिंतीला फक्त डोळ्यांपुरत्या फटी, आणि जागा थेट करकोच्यांच्या बेटासमोर. तिथून काय दिसेल, असं मॅडमनी विचारलं होतं. अंड्यातून पिल्लू बाहेर येताना दिसेल, असं त्याने छाती फुगवून सांगितलं होतं. मॅडमनी तो कागद बराच वेळ न्याहाळला, गुंडाळला, कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. पार्किंगशेजारी जागा मोकळी आहे, म्हणाल्या, तिथे काहीतरी गमतीदार करा.

तेव्हापासून गंमत सुरू होती. आधी कॉफीचं दुकान आलं. मग झोपाळा आला. मग घसरगुंडी. आर्किटेक्ट घरी येऊन बायकोसमोर मॅडमची नक्कल करायचा. बायको शाळेतल्या मुलांच्या चित्रकलेच्या वह्या तपासत ऐकायची. "अहो, मग सोडून द्या की काम," ती एकदा म्हणाली. सोडलं तर ते आपल्या साडूच्या घशात जाईल, असं त्याने बजावलं. साडू म्हणजे मिळेल त्या इमारतीला निळ्या काचा लावणारा माणूस. तो याहून वाईट काय बांधणार आहे, असं बायकोने वहीतून मान वर न करता विचारलं. त्यावर आर्किटेक्ट जेवायला बसला.

त्याला एकच आशा उरली होती. प्रकरण इतकं हास्यास्पद करायचं, की बाईंनाच लाज वाटली पाहिजे. लाज वाटली की कपाट उघडेल.

एका बैठकीत त्याने नवा आराखडा काढला. अख्खा मनोराच करकोचा. पायातून जिना, पोटात कॉफी, पाठीवरून घसरगुंडी, डोळ्यांत रंग बदलणारे दिवे आणि चोचीत एक खिडकी. खिडकीतून पार्किंग दिसत होतं. माणूस या प्राण्याबद्दल त्याचं जे काही मत होतं, ते सगळं त्याने त्या कागदावर उतरवलं.

मॅडमनी कागद बघितला. चष्मा पुसून पुन्हा बघितला. आता लाजल्या, असं त्याला वाटलं. पंख हलतील का, एवढंच मॅडमनी विचारलं आणि सही केली.

विणीच्या हंगामात मनोरा उघडला आणि माणसांची नुसती झुंबड उडाली. आरशापुढे रांग लागली. एक गृहस्थ चोचीत उभे राहून आपली गाडी शोधत होते. सापडल्यावर त्यांनी बायकोपोरांना हाका मारून ती दाखवली. खरे पक्षी कुठे आहेत, असं एका आजीबाईंनी विचारलं. नातवाने त्यांना पंख हलताना दाखवले आणि आजींचं समाधान झालं. साडूने येऊन अगदी मनापासून अभिनंदन केलं, तेव्हा आर्किटेक्टला भिंतीचा आधार घ्यावा लागला. त्याच भिंतीवर त्याच्या नावाची पाटी होती.

मॅडम या गर्दीत नव्हत्या. त्या कचेरीच्या मागच्या बाजूला एकट्याच दुर्बीण लावून उभ्या होत्या. आज काय ते सुनावायचंच, असं ठरवून तो तिथे गेला.

"मॅडम, माझा पहिला मनोरा तुम्हाला कळलाच नाही."

"कळला ना," मॅडम दुर्बीण न काढता म्हणाल्या. "म्हणून तर कुलपात ठेवला. वरून हुकूम होता, मनोरा बांधा, लोक आलेच पाहिजेत. तुमचा तो बांधला असता, तर ही सगळी पलटण आत्ता बेटावर असती. कुंपण घातलं, तर उड्या मारून जातात. तुमच्या करकोच्यातून सकाळपासून एकही माणूस पाण्याकडे फिरकलेला नाही."

त्यांनी दुर्बीण त्याच्या हातात दिली. बेटावर करकोचे निवांत अंडी उबवत बसले होते. एकाने मान वळवून पिसं साफ केली आणि पुन्हा डोळे मिटले. आर्किटेक्ट बराच वेळ बघत राहिला. मग त्याचा अभिमान दुखावला गेला.

"एवढंच हवं होतं, तर कुणीही बांधून दिलं असतं. मीच कशाला?"

"दुसरे आर्किटेक्टही आले होते भेटायला," मॅडम म्हणाल्या. "पण त्यांना माणसांबद्दल आपुलकी होती हो. त्यांनी बिचाऱ्यांना पार्किंगमधूनही खरे पक्षी दाखवले असते."